आईला ६७व्या वर्षी दमा निघाला. या वयात हा किती जणांना असतो?

कृष्णाकाठ
८ डिसेंबर, रात्री १०:४०

गेल्या मंगळवारी आईला दमा असल्याचं निदान झालं. आई-बाबा सांगलीत असतात, मी पुण्यात. आमच्या घरात कुणाला दमा नाही, आईला लहानपणी कधी झाला नव्हता, तंबाखू-मिसरीला तिने आयुष्यात हात लावलेला नाही. त्यामुळे डॉक्टरांनी सांगितल्यावर माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते "या वयात?" एवढंच.

दोन हिवाळे झाले, पहाटे तीन-साडेतीनला तिला खोकल्याची उबळ यायची. उठून बसायची, कोमट पाणी प्यायची, मग उजाडेपर्यंत झोप नाही. अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले. खोकल्याची औषधं किती झाली त्याची गणती नाही. हृदयाची शंका आली म्हणून ईसीजी, टूडी एको झालं, दोन्ही चांगले आले. शेवटी एका डॉक्टरांनी "काकू, वय झालं, आता थोडंफार चालायचंच" असं सांगितलं, आणि आम्ही सगळ्यांनी ते मान्य केलं. मला आज सर्वांत जास्त बोचतं ते हेच. मीसुद्धा फोनवर तिला तेच म्हणाले होते.

दिवाळीत गेले तेव्हा पाहिलं, तिचं जगणं गुपचूप आकसलं होतं. गणपतीच्या देवळात जाणं बंद, "गर्दी असते गं." गच्चीवर वाळवण घालणं बंद, "आता कोण खातं?" भाजी आणायला बाबा. मी विचारलं, दम लागतो का? "नाही." ती खोटं बोलत नव्हती. दम लागेल असं काही ती करतच नव्हती.

मग भाऊ हट्टाने छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकायची तपासणी, केली. नळीत पहिल्या सेकंदात १.०२ लिटर हवा सोडता आली. औषध ओढायला दिलं, पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावलं, १.३१ लिटर. दोन वर्षांचं कोडं पाऊण तासात सुटलं.

मला विचारायचंय ते असं: उतारवयात नव्याने दमा होणं किती सर्रास आहे? आणि दुसरं, आई पंप घ्यायला तयार नाही. "एकदा लागला की सुटत नाही" हे तिच्या डोक्यात पक्कं बसलंय. कुणी समजावलं असेल आपापल्या घरात, तर सांगा.

माडबन
८ डिसेंबर, रात्री ११:१५

अगदी आमच्या आजीची कथा. फरक इतकाच की तिला शेवटपर्यंत कुणी नळीत फुंकायला लावलं नाही. "चुलीपुढे आयुष्य गेलं, छाती अशीच असणार" म्हणून सोडून दिलं. पावसात ओली लाकडं, स्वयंपाकघराला एकच झरोका, धुराने आढं काळंकुट्ट झालेलं. पावसाळ्यात तिची छाती घरघरायची ती पडवीत झोपलेल्या आम्हा मुलांना ऐकू यायची. तो दमा होता की आणखी काही, आता कळायला मार्ग नाही. तुम्ही आईंना वेळेत नेलंत.

आकडेमोड
९ डिसेंबर, सकाळी ८:०५

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो. आरोग्याच्या सर्वेक्षणांवर काम करतो, डॉक्टर नाही.

परदेशांतल्या अभ्यासांत ६५ वर्षांपुढच्या लोकांत दम्याचं प्रमाण साधारण शंभरात ४ ते १३ असं वेगवेगळं येतं. अमेरिकेत ते शंभरात ७-८ च्या आसपास असतं. म्हणजे तरुणांपेक्षा फार वेगळं नाही. "दमा हा लहान मुलांचा आजार" हा समज कुठून आला ते समजण्यासारखं आहे, कारण बऱ्याच मुलांचा दमा वाढत्या वयात शमतो. पण शमलेला परत येतो, आणि काहींना तो साठीनंतर पहिल्यांदाच होतो.

आपल्याकडचा जुना मोठा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. १२ केंद्रं, दीड लाखाहून जास्त माणसं, १५ वर्षांपुढची. त्यात दमा शंभरात २ जणांना निघाला, आणि वय वाढेल तशी शक्यता वाढत गेलेली दिसली. त्यानंतर देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये ४५ वर्षांपुढच्या ७२ हजारांहून जास्त लोकांची पाहणी केली. आपल्या देशातल्या ज्येष्ठांबद्दल एवढी मोठी माहिती आधी नव्हती.

पण या आकड्यांकडे पाहताना एक गोष्ट विसरू नका. अशा पाहणीत प्रश्न असा असतो: "तुम्हाला हा आजार असल्याचं डॉक्टरांनी कधी सांगितलंय का?" तुमच्या आईंकडे पाहणीवाले गेल्या महिन्यात आले असते, तर त्यांचं उत्तर "नाही" असं नोंदलं गेलं असतं. माडबन यांच्या आजी तर कुठल्याच नोंदीत आल्या नसत्या. हा आकडा ज्यांच्यापर्यंत निदान पोचलं त्यांचा असतो. ज्या गावात स्पायरोमेट्रीचं यंत्रच नाही, तिथे दमा कागदावर कमीच दिसणार.

आणि मला अस्वस्थ करणारा आकडा दुसराच आहे. जागतिक आजारभाराच्या २०१९ च्या अंदाजानुसार भारतात दम्याचे रुग्ण ३ कोटी ४३ लाख. जगातल्या एकूण रुग्णांपैकी हे शंभरात १३. पण दम्याने होणाऱ्या जगातल्या मृत्यूंपैकी शंभरात ४२ भारतात. रुग्णांच्या मानाने मृत्यू तिपटीहून जास्त. दम्याने जाणाऱ्यांत सगळीकडे म्हातारी माणसंच जास्त असतात. औषध नसलेला आजार असता तर एक वेळ समजलं असतं. याला औषध आहे, गल्लीतल्या दुकानात मिळतं.

स्टेथो
९ डिसेंबर, दुपारी २:३०

तालुक्याच्या गावी २६ वर्षं जनरल प्रॅक्टिस करतोय. छातीचा तज्ज्ञ नाही, पण असे रुग्ण रोज पाहतो. काही चुकले आहेत माझ्या हातून, म्हणून मनापासून लिहितोय.

तरुण माणसाचा दमा चटकन ओळखू येतो. त्याला घरघर होते, तो घाबरतो, धावत येतो. सत्तरीतल्या माणसाला छाती आवळल्याची जाणीवच बोथट झालेली असते. श्वासनळ्या बऱ्याच आकसल्या तरी "थोडं जड वाटतंय" इतकंच सांगतात. त्यात बरोबरीने रक्तदाब, साखर, गुडघे, हृदय. दम लागला की हृदयाकडे बोट, खोकला आला की ऋतूकडे. आम्लपित्त वर येऊनही रात्री खोकला येतो. हृदय कमकुवत झालं की फुप्फुसांत पाणी साचतं आणि हुबेहूब दम्यासारखी घरघर येते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी कोरडा खोकला येतो, तो गोळी बदलेपर्यंत जात नाही. आणि सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद करणारा आजार, आहेच, विडी-सिगारेटवाल्यांत आणि चुलीपुढे आयुष्य गेलेल्या बायकांत. काहींना दोन्ही एकत्र असतं.

म्हणून फुंकायची तपासणी. औषध ओढल्यानंतर पहिल्या सेकंदाची हवा किमान १२ टक्क्यांनी आणि २०० मिलिलिटरने वाढली, तर दम्याच्या बाजूने कौल जातो. आईंची २९० मिलिलिटरने वाढली आहे, २८ टक्के. चांगली भक्कम वाढ. एकदा फुंकून आकडा चांगला आला म्हणून दमा नाहीच असंही समजू नका बरं का, दमा चढतो-उतरतो, बऱ्या दिवशी आकडे चांगले येऊ शकतात.

कृष्णाकाठ, तुम्हाला एक विचारतो. आईंना काचबिंदू आहे का? डोळ्यांत रोजचे थेंब चालू आहेत? असतील तर बाटलीवरचं नाव इथे लिहा.

यारातीर
९ डिसेंबर, दुपारी ४:१०

मेलबर्नहून लिहितेय. धाग्याच्या थोडं बाहेरचं आहे, पण आई-वडिलांना इकडे बोलावणाऱ्यांना उपयोगी पडेल.

सासरे नागपूरचे, सत्तरीचे, कधी शिंकसुद्धा नाही. पहिल्या फेरीत काही झालं नाही. दुसऱ्या खेपेला नोव्हेंबरात नाक-डोळे वाहू लागले. तिसऱ्या खेपेला घरघर. इथे ऑक्टोबर ते डिसेंबर गवताच्या परागांचा हंगाम, आणि आपण नेमके तेव्हाच तिकडची दिवाळी संपवून त्यांना बोलावतो.

२१ नोव्हेंबर २०१६ ला इथे वादळ आलं, त्या संध्याकाळी हजारो लोक धाप लागून रुग्णालयांत पोचले आणि त्या घटनेत १० जण गेले. वादळी हवेत पराग फुटतात आणि त्यांचे बारीक कण थेट फुप्फुसात खोल जातात. गेलेली माणसं म्हातारी नव्हती. पण त्रास झालेल्यांत भारतीय उपखंडातून आलेल्यांचं प्रमाण इथल्या लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा बरंच जास्त होतं, आणि कित्येकांना त्याआधी दमा म्हणून नव्हताच, नुसतं नाक गळायचं. तेव्हापासून हंगामात इथे वादळी दम्याचा अंदाज रोज जाहीर होतो. धोका जास्त सांगितला असेल त्या दिवशी सासऱ्यांना आम्ही घराबाहेर पडू देत नाही. निळा पंप, म्हणजे नळ्या लगेच उघडणारा, इथे औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतो, तो घरात ठेवाच.

निवृत्तमास्तर
९ डिसेंबर, सायंकाळी ७:२०

कृष्णाकाठ, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, कारण तुमच्या आई जे म्हणतात तेच मी अकरा वर्षं म्हणत होतो. आज वय ७४, दमा ५८व्या वर्षी सुरू झाला.

खडूची धूळ असेल म्हणून आधी दुर्लक्ष केलं. मग कोजागरीला खिरीतून औषध देतात तिथे जाऊ लागलो. रात्रभर जागरण, चांदण्यातली खीर, पहाटे फेरी. पाच वर्षं गेलो. श्रद्धेने जाणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही, पण माझा दमा जागचा हलला नाही. त्यानंतर एकाने पुड्या दिल्या. पुडी घेतली की तीन दिवसांत छाती मोकळी, भूक वाढली, चेहरा गरगरीत. मला वाटलं, गुण आला. दीड वर्षाने साखर ३०० च्या वर, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि न्हाणीत नुसता बसलो तर मणक्याला चीर. छातीच्या डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. त्या पुडीत स्टेरॉइड असणार, रोजच्या रोज, किती ते देणाऱ्यालाच ठाऊक.

मी म्हटलं, पण तुमच्या पंपातही स्टेरॉइडच आहे ना? तेव्हा त्यांनी फळ्यावर मांडावं तसं गणित मांडलं. नळ्या उघडणारी सालब्युटामॉलची गोळी ४ मिलिग्रॅमची असते. पंपाचा एक फवारा १०० मायक्रोग्रॅमचा. म्हणजे एका गोळीत चाळीस फवाऱ्यांइतकं औषध, आणि ते पोट, रक्त, हृदय असं सगळीकडे फिरून मग छातीत येतं. म्हणून गोळीने हात थरथरतात, छाती धडधडते. स्टेरॉइडचंही तसंच, पंपातलं मायक्रोग्रॅममध्ये आणि थेट जिथे हवं तिथे. आयुष्यभर मुलांना दशांश चिन्ह शिकवलं, ते त्या दिवशी माझ्या छातीसाठी कामी आलं.

"सुटत नाही" याबद्दल आईंना माझ्याकडून एवढंच सांगा: चष्मा लागतो तेव्हा आपण डोळ्यांना सवय लागली म्हणत नाही. माझी मात्रा पाच वर्षांत निम्म्यावर आली आहे.

आणि एक. आमच्या वयात बोटांत जोर नसतो. पंप दाबणं आणि श्वास ओढणं एका वेळी जमत नाही, अर्धं औषध जिभेवर बसतं आणि मग "पंपाने गुण येत नाही" म्हणतात. मला प्लास्टिकचा तो लांबोडका डबा दिला, स्पेसर. पंप त्यात दाबायचा आणि सावकाश ओढायचा. नातीसमोर आरशात बघून आठ दिवस सराव केला. घेतल्यावर खळखळून चूळ भरायची, नाहीतर तोंड येतं. कॅप्सूल फोडून ओढायचं यंत्र असेल, तर त्याला जोरात श्वास ओढावा लागतो, ते आईंना झेपतंय का हे डॉक्टरांसमोरच बघून घ्या.

कृष्णाकाठ
९ डिसेंबर, रात्री ९:०५

काका, तुमचा प्रतिसाद मी आईला फोनवर शब्दन् शब्द वाचून दाखवला. चष्म्याचं ऐकून गप्प झाली. मग म्हणाली, "मास्तरांना नमस्कार सांग."

स्टेथो, तुमचा प्रश्न वाचून अंगावर काटा आला. हो, काचबिंदू आहे. बाबांना बाटली बघायला लावली. टिमोलॉल. दोन्ही डोळ्यांत, दिवसातून दोनदा. गेल्या वर्षीच्या आधीच्या दसऱ्यापासून. आणि खोकला सुरू झाला तो त्याच हिवाळ्यात. हे कुणालाच सांगायचं आम्हाला सुचलं नाही. छातीच्या डॉक्टरांनी "कोणती औषधं चालू आहेत" विचारलं तेव्हा भावाने गोळ्यांची पिशवी दाखवली. डोळ्यांचे थेंब फ्रिजवर होते.

स्टेथो
९ डिसेंबर, रात्री ९:४०

भावाची चूक नाही. थेंबांना कुणी औषध समजतच नाही, आमच्यातले काहीजण विचारायला विसरतात, मीही विसरलेलो आहे.

टिमोलॉल बीटा ब्लॉकर गटातलं, या गटाची औषधं श्वासनळ्या आवळू शकतात. थेंब डोळ्यात टाकला तरी तो अश्रूंच्या वाटेने नाकात उतरतो आणि तिथून रक्तात जातो. ज्याच्या नळ्या मुळात हळव्या आहेत त्याला तेवढा पुरतो. थेंबांनी दमा निर्माण केला असं मी म्हणणार नाही, आत दबून असलेला वर काढला असेल. पण थेंब स्वतःहून बंद करू नका, काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. उद्या सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन करून "दम्याचं निदान झालंय" एवढं सांगा. दुसऱ्या गटातले थेंब असतात, ते बदलून देतील. छातीच्या डॉक्टरांनाही कळवा. हृदयासाठी किंवा रक्तदाबासाठी या गटातली गोळी असेल, तरी हाच नियम, डॉक्टरांना विचारायचं, मनाने थांबवायचं नाही. गुडघ्यांसाठी घेतलेल्या वेदनाशामकांनीही काही दमेकऱ्यांचा श्वास कोंडतो, तेही लक्षात असू द्या.

आणि नुसत्या निळ्या पंपावर त्यांना राहू देऊ नका. तो घटकाभर नळ्या उघडतो, आतली सूज तशीच राहते. २०१९ पासून जागतिक मार्गदर्शक सूचनाच बदलल्या आहेत, प्रौढ दमेकऱ्याला सूज उतरवणारं औषध पंपातून मिळालंच पाहिजे असं आता म्हणतात.

पारिजात_मुंबई
१० डिसेंबर, सकाळी ११:५०

उलट बाजूचा अनुभव. सासूबाईंना दोन वर्षं दमा म्हणून पंप चालू होता, काही फरक नाही. शेवटी छातीचा सीटी स्कॅन केला, तर कबुतरांच्या विष्ठेने आणि पिसांनी होणारा फुप्फुसाचा आजार निघाला, वेगळाच, आणि बराच पुढे गेलेला. त्यांच्या खिडकीच्या डक्टमध्ये कबुतरांची घरटी होती आणि त्या रोज दाणे टाकायच्या. २०२५ मध्ये पालिकेने दादरचा कबुतरखाना झाकला तेव्हा सोसायटीत फार भांडणं झाली. मी त्यात बोलले नाही, फक्त सासूबाईंचा रिपोर्ट सूचना फलकावर लावायची परवानगी त्यांच्याकडून घेतली.

पंपाने महिना-दोन महिन्यांत काहीच फरक पडला नाही, तर पुन्हा दाखवा. तेवढंच.

माडबन
१० डिसेंबर, दुपारी १:३०

खर्चाचं कुणी बोललं नाही. आमच्या गावाकडे ७० वर्षांपुढच्यांना आयुष्मान कार्ड मिळालं, पण ते दवाखान्यात दाखल झालात तर. महिन्याचा पंप खिशातूनच. म्हणून म्हातारी माणसं पंप "पुरवून" वापरतात, आठवड्यातून दोनदा, बरं वाटलं की बंद. मग धाप लागून दाखल झाली की कार्ड चालतं! जनऔषधी दुकानात पंप बरेच स्वस्त मिळतात, चुलत्यांसाठी मी तिथूनच नेतो. ज्याला शक्य असेल त्याने चौकशी करावी. शासनाने पंपाचा खर्च उचलला, तर खाटांचा वाचेल असं माझं ठाम मत आहे.

कृष्णाकाठ
१४ जानेवारी, रात्री ८:१५

महिन्याने लिहितेय. सगळ्यांना तिळगूळ.

आईचे थेंब दुसऱ्याच दिवशी बदलून मिळाले. पंप स्पेसरमधून सकाळ-संध्याकाळ चालू आहे. घरात पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकेचा जोर मोजायचं साधन, आणलंय. पहिल्या आठवड्यात १८० च्या पुढे काटा जात नव्हता, परवा २६० आला. पहाटेचा खोकला गेला. आता गळीत हंगाम जोरात आहे, आजूबाजूच्या फडांत पाचट पेटवतात, दोरीवरच्या कपड्यांवर काजळी पडते, त्या दिवशी थोडा त्रास होतो. तेव्हा ती खिडक्या लावून घेते, मास्क बांधते. फ्लूची लस घेतली, न्यूमोनियाची पुढच्या महिन्यात.

संकष्टीला ती गणपतीला चालत गेली आणि चालत आली. मला फोटो पाठवला, देवळासमोरचा, बाबांनी काढलेला, थोडा हललेला.

आकडेमोड, तुमच्यासाठी एक. तुमचं ते "ज्यांच्यापर्यंत निदान पोचलं त्यांचा आकडा" मी आईला सांगितलं होतं. तिच्या भजनी मंडळात १४ जणी आहेत, सगळ्या साठीच्या पुढच्या. तिने एकेकीला विचारलं. पहाटे खोकला येतो, जिन्यात थांबावं लागतं असं पाच जणींनी सांगितलं. नळीत फुंकायची तपासणी पाचांपैकी एकीचीही झालेली नाही. दोघींना घेऊन ती येत्या बुधवारी डॉक्टरांकडे जाणार आहे.

निवृत्तमास्तर
१४ जानेवारी, रात्री ९:०२

ताईंना सांगा, त्या दोघींना सगळी औषधं सोबत घ्यायला लावा. डोळ्यांच्या थेंबांची बाटली धरून.